सायलेन्सर बदलला, आता फ्युएल ट्यूनिंग कोणतं? जेट, ओ-टू बॉक्स, पिगीबॅक की रिमॅप

सायलेन्सर बदलला, पाठोपाठ मोकळा एअर फिल्टर बसवला, आणि थ्रॉटल सोडला की गाडी फटाके फोडायला लागली. अशा वेळी गॅरेजच्या कट्ट्यावर एकच सल्ला मिळतो: "लीन झालीये, बॉक्स लाव." लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि बॉक्स म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. हे बॉक्स चार-पाच हजारांपासून वीस हजारांच्या पुढपर्यंत जातात. इतका पैसा घालण्याआधी एक गोष्ट पक्की धरावी. सहसा इंजिनात जाणारी हवा तुम्ही बदलली असेल तरच इंधन बदलायची गरज पडते. हवेचा मार्ग कंपनीने दिला तसाच असेल आणि तरी गाडी त्रास देत असेल, तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो आणि कुठलाही बॉक्स तो काढणार नाही.

आधी दोष इंधनाचाच आहे का ते बघा

सुरुवात सायलेन्सरच्या जोडापासून करा. बेंड पाइप इंजिनाला जिथे लागतो तिथली गॅस्केट दबलेली किंवा फाटलेली असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडल्यावर उरलेलं पेट्रोल पाइपमध्येच पेटतं. फटाक्यांचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. इंजेक्शनच्या गाडीत याचा आणखी एक परिणाम होतो: ती हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचते, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, गाडी लीन वाटते आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. सकाळी थंड गाडी चालू करून जोडाभोवती काळे डाग दिसतात का, हाताला फुफाटा लागतो का ते तपासा. पाइप तापायच्या आत हात काढा.

मग इंजिन आणि कार्बुरेटर किंवा थ्रॉटल बॉडी यांच्यामधला रबरी बूट वाकवून बारीक तडे शोधा. प्लग, टॅपेट सेटिंग आणि एअर फिल्टर बघून घ्या. इंजेक्शनच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एवढ्यावरच बऱ्याच गाड्या सरळ होतात.

तक्रार थ्रॉटलच्या कोणत्या टप्प्यात आहे ते टिपा

पर्याय निवडण्याचा खरा आधार हीच पायरी आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. थ्रॉटलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर चिकटपट्टी लावा. बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. मोकळ्या रस्त्यावर, इंजिन नीट तापल्यावर, प्रत्येक टप्प्यात गाडी काय करते ते बघा आणि थांबून लिहून ठेवा. हिसके देणं, धाप लागल्यासारखं अडखळणं, इंजिन जास्त तापणं ही लीनची लक्षणं. पिकअप जड वाटणं, पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी आणि ॲव्हरेज घसरणं ही रिचची, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्याची.

कार्बुरेटरची गाडी असेल तर

बीएस-६ नियम एप्रिल २०२० मध्ये लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळपास हद्दपार झाला. पण त्याआधीच्या क्लासिक ३५०, पल्सर, स्प्लेंडर आजही लाखोंनी रस्त्यावर आहेत. त्यांच्यासाठी जेटिंग, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या जेटचं माप बदलणं, हाच सरळ आणि स्वस्त मार्ग आहे, आणि नीट केलेलं जेटिंग कुठल्याही इलेक्ट्रॉनिक बॉक्सपेक्षा कमी नसतं.

चिकटपट्टीवरच्या खुणा इथे थेट कामाला येतात. बंद ते पाव थ्रॉटल हा भाग पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूचा, पाव ते पाऊण नीडलचा, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचा. या हद्दी एकमेकांत थोड्या मिसळतात, म्हणून एका वेळी एकच भाग बदला. मी मेन जेटपासून सुरुवात करायला सांगेन, मग नीडलची क्लिप, आणि आयडलिंग सगळ्यात शेवटी. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं.

स्क्रूच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, बाहेर फिरवला की लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. दोन्हींना सरसकट "एअर स्क्रू" म्हटलं जातं आणि सेटिंग उलटं होऊन बसतं. जेटच्या आकड्यांचंही तसंच. मिकुनी आणि केहिन या कार्बुरेटर कंपन्या, पण मिकुनीचा ११० आणि केहिनचा ११० हे एकच माप नाही, तेव्हा मित्राच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीत तसाच घालू नका.

आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही विचार करावा लागतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे त्याच हवेला थोडं जास्त इंधन हवं. कार्बुरेटरला हे कळायचा मार्ग नाही, म्हणून शुद्ध पेट्रोलवर जुळवलेली जुनी गाडी काही न बदलताही किंचित लीन पडते. जेट निवडताना हे हिशोबात धरा.

इंजेक्शनची गाडी असेल तर

इथे ईसीयू दोन पद्धतींनी काम करतो. आरामात, एकसारख्या वेगात चालताना तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो आणि मिश्रण सतत दुरुस्त करतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. थ्रॉटल जोरात उघडला की तो सेन्सर बाजूला ठेवतो आणि आपल्या नकाशातल्या (मॅप, म्हणजे कुठे किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) आकड्यांवर चालतो, हा ओपन लूप. नुसता मागचा सायलेन्सर बदलला असेल तर क्लोज्ड लूपमधला फरक ईसीयू बहुतेक वेळा स्वतःच भरून काढतो. अशा गाडीला मी काहीही लावू देणार नाही.

पहिला पर्याय ओ-टू बॉक्स. गाडीतला साधा सेन्सर शून्य ते एक व्होल्टच्या आत बोलतो: ०.४५ च्या वर रिच, खाली लीन. हा बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून सेन्सरचं म्हणणं थोडं लीनकडे झुकवून सांगतो, त्यामुळे ईसीयू पेट्रोल वाढवतो. कमी थ्रॉटलवरचे हिसके, शहरातली गरम होण्याची तक्रार, संथ चालीतला खडबडीतपणा यांवर त्याचा उपयोग होतो. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही, म्हणून तिथे त्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नये. तुमच्या टिपणात तक्रार पाऊणच्या पुढची असेल तर हा पर्याय सोडून द्या.

दुसरा पिगीबॅक. तो इंजेक्टरकडे जाणारा संदेश वाटेत अडवतो आणि आरपीएम व थ्रॉटल यांच्या तक्त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते बदलतो. काही पिगीबॅक स्पार्कची वेळही बदलतात. अमेरिकेतल्या डायनोजेटची पॉवर कमांडर आणि बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक ही ओळखीची नावं. चाकणला तयार होणाऱ्या ३९० ड्यूकवाल्यांमध्ये हा प्रकार बराच चालतो. फायदा असा की मूळ ईसीयूला हात लागत नाही आणि बॉक्स काढला की गाडी पूर्ववत होते. बॉक्ससोबत आलेला तयार मॅप मात्र दुसऱ्याच गाडीवर बनवलेला असतो. तुमचा फिल्टर, तुमचा सायलेन्सर यांच्यासाठी तो दुरुस्त करून घ्यावाच लागतो.

तिसरा रिमॅप, म्हणजे ईसीयूतलाच नकाशा बदलणं. काम सगळ्यात स्वच्छ: जादा वायर नाहीत, संदेशांची अडवाअडवी नाही, इंधनाबरोबर स्पार्क आणि रेव्ह लिमिटही हाताशी. पण सगळं करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. स्पार्क चुकीचा पुढे नेला तर पिस्टनला मार बसतो आणि तो आवाज हेल्मेटमध्ये ऐकूही येत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयू अपडेट झाला तर तुमचा नकाशा पुसलाही जातो.

फिल्टर, बेंड पाइप आणि सायलेन्सर असं सगळं बदललं असेल तर निवड पिगीबॅक किंवा रिमॅप यांतूनच करा. वॉरंटी चालू असेल, तर ती संपेपर्यंत थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. कॅम किंवा इंजिनाची सीसी बदललेली गाडी असेल तर रिमॅपच.

बॉक्सपेक्षा मोजणीवर खर्च करा

ट्यूनरकडे जाण्याआधी दोनच प्रश्न विचारा: वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा) लावणार का, आणि आधीचा व नंतरचा डायनो ग्राफ (रोलरवर गाडी चालवून मोजलेल्या ताकदीचा आलेख) देणार का? "कानाने ट्यून करतो" असं उत्तर आलं तर परत फिरा. त्याच्याशी बोलताना लॅम्डाच्या आकड्यात बोला. लॅम्डा १ म्हणजे इंधन पूर्ण जळण्यापुरती नेमकी हवा, मग पेट्रोल कोणतंही असो. पूर्ण थ्रॉटलवर ताकदीसाठी साधारण ०.८६ ते ०.९० बघतात, संथ चालीत १ च्या आसपास. ताकद वाढवायची म्हणून सगळीकडे ०.८५ ठेवणाऱ्या ट्यूनरने तुमचं ॲव्हरेज आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा भाग) दोन्ही पणाला लावलेले असतात.

लडाखला जायचं असेल तर आणखी एक सांगणं. खारदुंग ला ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. इंजेक्शनची गाडी दाबाचा सेन्सर वाचून पेट्रोल कमी करते. मुंबईत रिच जेट घातलेली कार्बची गाडी वर काळा धूर ओकत धापा टाकते. निघताना मूळ जेट खिशात असू द्या.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९०(२) लागतं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या राज्यातल्या शहरांतून येतच असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीत नापास होऊ शकते, म्हणून तो काढूच नका. एप्रिल २०२५ पासूनच्या ओबीडी-टू-बी (गाडीने स्वतःच आपले दोष तपासण्याचा नियम) गाड्या कन्व्हर्टरच्या कामावरही लक्ष ठेवतात, त्यामुळे सेन्सरशी केलेली छेडछाड दिवा लावून समोर येते.

बसवल्यानंतर

मूळ मॅपची प्रत ट्यूनरकडून मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. जेट बदलले असतील तर जुने जेट पुडीत घालून वर आकडे लिहा. वायर जोडताना मूळ वायर कापू देऊ नका, कपलर मिळतात. दोन-तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत ॲव्हरेज लिहीत जा, मग प्लग काढून बघा. इन्सुलेटरचा फिकट तपकिरी रंग ठीक. पांढराफटक, फोड आलेला प्लग दिसला तर गाडी जोरात चालवणं त्याच दिवशी थांबवा आणि मॅप पुन्हा मोजून घ्या.