पावसाळ्याआधी घरी करायच्या डास-प्रतिबंधक तेलाची तयारी

अंगाला लावायचे डास-प्रतिबंधक तेल घरी करायचे असेल, तर कोकणातल्या घरांनी त्याची तयारी मे महिन्याच्या अखेरीस, आगोटीच्या इतर सामानाबरोबरच करावी. बाटल्या उन्हात पूर्ण वाळवणे, तेल मुरू देणे आणि ते आपल्या त्वचेला सोसते की नाही हे पाहणे या तिन्ही गोष्टींना कोरडे, निवांत दिवस लागतात, आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर ते मिळत नाहीत. शिवाय डास वाढू लागल्यानंतर घाईने केलेल्या तेलात प्रमाण हमखास चुकते. या सगळ्या कामात प्रमाणाइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही.

सामान आणण्यापूर्वी हे तेल कोणासाठी आणि कोणत्या वेळेसाठी करायचे आहे ते ठरवून घ्यावे. संध्याकाळी पडवीत बसणे, गोठ्यात दूध काढायला जाणे, अंगणात तासभर मुलांचा अभ्यास घेणे, अशा वेळी हे तेल उपयोगी पडते. रात्रभर किंवा दिवसभर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात सिट्रोनेला (एका सुगंधी गवताचे तेल) असलेल्या उत्पादनांचे संरक्षण सरासरी वीस मिनिटांहूनही कमी टिकले होते, तर २३.८ टक्के डीट (डासांना दूर ठेवणारे कृत्रिम रसायन) असलेल्या उत्पादनाचे सुमारे पाच तास टिकले होते. ती परीक्षा कठोर होती, कारण भुकेल्या डासांनी भरलेल्या पिंजऱ्यात हात घालून ती घेतली गेली. तरीही सुगंधी तेले लवकर उडून जातात, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून आपल्याकडच्या मलेरिया संशोधकांनी केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष बरेच चांगले आले, मात्र त्याचा गुण मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासावर सर्वांत अधिक आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासावर त्याहून कमी दिसला. म्हणून या तेलात कडुनिंब मुख्य धरावा आणि सुगंधी तेले त्याच्या जोडीला असावीत, असे माझे मत आहे.

सामानात पहिले नाव खोबरेल तेलाचे येते. घाण्यावर सुक्या खोबऱ्याचे काढलेले तेल घ्यावे. ओल्या नारळाच्या दुधापासून घरी काढलेले तेल कितीही सुवासिक असले तरी त्यात पाण्याचा अंश राहून गेलेला असू शकतो, आणि मग मिश्रण लवकर खवट होते. केसांसाठी म्हणून विकली जाणारी, आधीच सुवास मिसळलेली तेले या कामाला वापरू नयेत. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, त्यामुळे घाटावर किंवा थंडीच्या दिवसांत तेल करणाऱ्यांनी खोबरेलाचा तिसरा हिस्सा कमी करून तेवढे तिळाचे तेल घालावे, म्हणजे बाटलीतून ते सुरळीत ओतता येते.

कडुनिंबाचे तेल म्हणजे निंबोळीच्या बियांतून काढलेले तेल. ते विकत घेताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या निंबोळीच्या बाटल्या पिकांवर फवारण्यासाठी असतात. पाण्यात मिसळावे म्हणून त्यांत इतर रसायने घातलेली असतात आणि अझाडिरॅक्टिन या कडुनिंबातल्या कीटकनाशक द्रव्याचे प्रमाणही वाढवलेले असते, त्यामुळे ते द्रव त्वचेवर लावण्याजोगे नसते. बाटली दिसायला सारखी असते आणि किंमतही कमी असते, म्हणून ही चूक सहज होते. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून, अंगाला लावण्यासाठी असे स्पष्ट छापलेले, केवळ दाबून काढलेले आणि दुसरे काहीही न मिसळलेले तेल मागून घ्यावे. त्याचा रंग तपकिरी-पिवळा असतो आणि वास उग्र, लसणाच्या वळणाचा असतो. अजिबात वास नसलेले तेल मिळाले, तर ते शुद्ध करताना त्यातले बरेचसे गुणद्रव्य निघून गेले आहे असे समजावे.

सुगंधी तेलांपैकी दोनच घ्यावीत, सिट्रोनेला आणि गवती चहा. ही दोन्ही गवते एकाच कुळातली आहेत, पण त्यांची तेले निरनिराळी आहेत. सिट्रोनेलात मुख्यतः सिट्रोनेलॉल, सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल असते, तर गवती चहाच्या तेलात बहुतांश सिट्राल असते आणि ते त्वचेला अधिक झोंबते. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे तेवढेच घालून चालत नाही. बाटलीवर ‘इसेन्शियल ऑइल’ लिहिले आहे की ‘फ्रेग्रन्स ऑइल’ हे वाचून घ्यावे, कारण दुसऱ्या प्रकारात केवळ वास असतो. परसातली गवती चहाची पाने खोबरेलात मुरवून तेल करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ते सौम्य आणि छान तेल होते, पण त्यात डासांना दूर ठेवण्याइतका अर्क फारच थोडा उतरतो. शिवाय पाने जराही ओली राहिली तर बाटलीत बुरशी येते, म्हणून अशी पाने वापरायचीच असतील तर ती सावलीत खुळखुळीत वाळवून घ्यावीत.

काही वस्तू यादीतून मुद्दाम वगळायच्या आहेत. खोबरेलात कापूर विरघळवून लावण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, तरीही लहान मूल असलेल्या घरात मी तो ठेवू देणार नाही, कारण कापूर थोडासाही पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात, आणि पूजेसाठी विकला जाणारा कापूर औषधी शुद्धतेचा असतोच असे नाही. लिंबाचा रस किंवा सालीचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठतात. लवंगेचे तेल डासांना दूर ठेवते हे खरे, पण घरगुती मोजमापात ते सहज जास्त पडते आणि कातडी जळजळते. विजेच्या यंत्रातला डासनाशक द्रव, रॉकेल किंवा डांबरगोळ्या अंगाला लावायच्या तेलात कोणत्याही परिस्थितीत मिसळू नयेत.

भांड्यांची तयारी साधी आहे. १०० मिलीची गडद तपकिरी काचेची बाटली, घट्ट बसणारे झाकण, एक लहान फनेल आणि औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची ५ मिलीची सिरिंज एवढे पुरेसे होते. प्लास्टिकच्या बाटल्या टाळाव्यात, कारण सुगंधी तेलांनी काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. बाटली गरम पाण्याने धुऊन, उलटी ठेवून निथळू द्यावी आणि मग पूर्ण दिवस उन्हात ठेवावी. आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये. थेंब मोजून तेल घालणार असाल, तर आपल्या ड्रॉपरचे किती थेंब म्हणजे एक मिली हे आधी सिरिंजमध्ये मोजून पाहावे. सर्वसाधारणपणे वीस थेंब धरतात, पण ड्रॉपरच्या तोंडाप्रमाणे यात बराच फरक पडतो.

आता प्रमाण. १०० मिली तेलासाठी कडुनिंबाचे तेल २ मिली, सिट्रोनेला २ मिली, गवती चहाचे तेल अर्धा मिली आणि उरलेले साडेपंचाण्णव मिली खोबरेल घ्यावे. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी गवती चहा वगळून तेवढे खोबरेल वाढवावे. वास जास्त आला की गुण जास्त येतो, असा समज करून कोणतेही सुगंधी तेल वाढवू नये. त्यामुळे संरक्षण थोडेच वाढते, पुरळ मात्र नक्की उठण्याची शक्यता असते. खोबरेल किंवा कडुनिंबाचे तेल गोठलेले असेल तर त्याची बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावे. गॅसवर कढई ठेवून तेल तापवू नये, कारण तापलेल्या तेलात घातलेले सिट्रोनेला डोळ्यांदेखत उडून जाते. आधी बाटलीत निम्मे खोबरेल ओतावे, त्यात कडुनिंबाचे तेल घालून बाटली दोन्ही तळव्यांत फिरवावी, मग उरलेले खोबरेल घालावे आणि सुगंधी तेले सर्वांत शेवटी घालून झाकण लगेच घट्ट लावावे. ही बाटली एक दिवस अंधाऱ्या फडताळात राहू द्यावी. काहींना तेलाऐवजी पाण्याचा फवारा हवा असतो, पण तेल पाण्यात विरघळत नाही आणि न विरघळलेला सुगंधी थेंब सरळ कातडीवर पडला तर तो दाह करतो, म्हणून घरी तसा फवारा करू नये.

तेल तयार झाल्यावर घरातल्या ज्या ज्या व्यक्तीला ते लावायचे आहे, तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून २४ तास थांबावे. लाली, खाज किंवा बारीक पुरळ दिसले तर त्या व्यक्तीने हे तेल वापरू नये. तीन वर्षांखालील मुलांना ते लावूच नये. तान्ह्या बाळासाठी मच्छरदाणी हाच योग्य उपाय आहे. मोठ्या मुलांसाठी हेच तेल तेवढेच खोबरेल घालून निम्म्या तीव्रतेचे करावे आणि मोठ्या माणसाने आपल्या हातावर घेऊन लावावे, परंतु मुलांच्या तळहातांना व चेहऱ्याला लावू नये, कारण हात तोंडात आणि डोळ्यांत जातात. गरोदर स्त्रियांनी, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि इसब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घरात मांजर असेल तर हे तेल तिच्या अंगाला लागू देऊ नये. सुगंधी तेले मांजराच्या शरीराला पचत नाहीत.

बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून त्यावर घटक, प्रमाण, केल्याची तारीख आणि ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ हे शब्द ठळक लिहावेत. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, म्हणून ही बाटली खोबरेलाच्या नेहमीच्या बाटलीशेजारी, न्हाणीघराच्या फळीवर किंवा देवघरात कधीही ठेवू नये. मुलाने चुकून तेल प्यायले तर उलटी करवू नये, बाटलीसह ताबडतोब रुग्णालयात जावे. दोन-तीन महिन्यांनी किंवा त्याआधीही तेलाला खवट वास आला तर ते टाकून नवे करावे. त्यामुळे एका वेळी १०० मिलीपेक्षा अधिक करण्यात अर्थ नाही.

लावताना ते उघड्या त्वचेवर सलग पसरवावे. डास नेमकी सुटलेली जागा शोधतात, आणि घोटे, पोटऱ्यांची मागची बाजू, कोपरामागचा भाग व मान या जागा नेहमी सुटतात. कपड्यांखाली, जखमेवर, नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर आणि डोळ्यांच्या आसपास ते लावू नये. घाम आला किंवा तासभर उलटला की पुन्हा लावावे आणि घरात परतल्यावर साबणाने धुऊन टाकावे. कडुनिंबाचे डाग पांढऱ्या कपड्यांवरून सहज निघत नाहीत, त्यासाठी संध्याकाळचा एक जुना, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा वेगळा काढून ठेवावा. पडवीत बसताना जवळ पंखा लावावा, कारण डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत आणि तेलाचे काम त्यामुळे बरेच हलके होते.

याच दिवसांत घराभोवतीचे पाणीही यादीत यायला हवे. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि पावसाळ्यातल्या उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग करतो ते याच हिशेबाने. पिंप, टाकी, फ्रिजमागचे भांडे, कुंड्यांखालच्या बशा यांच्याबरोबरच कोकणातल्या वाडीत रिकाम्या करवंट्या आणि पोफळीच्या गळून पडलेल्या झावळ्यांचे खोलगट देठ उचलायला विसरू नये. त्यांत ओंजळभर पाणी साठते आणि ते कोणाच्या नजरेस पडत नाही. एडिस मुख्यतः दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत अधिक. म्हणजे तेल लावायचे ते दिवेलागणीची वाट न पाहता, मुले दुपारच्या झोपेतून उठली की.

काही ठिकाणी हे तेल पुरेसे नाही आणि तिथे त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. वस्तीत डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचे रुग्ण आढळले असतील, तर डीट किंवा पिकारिडिन हे तसेच दुसरे रसायन असलेले नोंदणीकृत मलम वापरावे. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडीमुळे पसरतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या काळात, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात असतो. काजू गोळा करायला किंवा लाकडे आणायला रानात जाणाऱ्यांनी घरगुती तेलाऐवजी आरोग्य केंद्रातून गोचिडीसाठी मिळणारे औषधी तेल मागून घ्यावे, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि काखा, जांघा, कानांमागची जागा नीट तपासावी. यानंतरच्या दिवसांत ताप आला, तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये.