कलाचर्चेत प्रश्न विचारताना या चुका टाळा

घारापुरीच्या लेण्यात सहल नेली की त्रिमुखी शिल्पासमोर हमखास विचारले जाते, "यांतले ब्रह्मा, विष्णू आणि महेश कोणते?" कलाचर्चेतील सर्वांत नुकसानकारक चूक हीच आहे, कारण येथे उत्तर प्रश्नातच गृहीत धरलेले असते आणि तेही चुकीचे असते. 'त्रिमूर्ती' म्हणून ओळखले जाणारे हे शिल्प अभ्यासक सदाशिवाचे मानतात. आधी फक्त "येथे काय काय दिसते?" एवढेच विचारावे. मग समोरून पाहताना डावीकडच्या उग्र मुखाची मिशी आणि हातातला नाग, उजवीकडच्या कोमल मुखाजवळचे कमळ आणि मधल्या मुखाची शांतता मुलांना स्वतःच सापडते. "ही तिन्ही रूपे एकाचीच असू शकतील का?" हा अर्थाचा प्रश्न त्यानंतरच विचारावा, कारण तोवर मुलांच्या हाती पुरावा आलेला असतो.

प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणे ही दुसरी चूक. शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, पण 3 सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले.

जहांगीर कलादालनात शिरताच "चित्र आवडले का?" असे विचारल्यास 'हो' किंवा 'नाही' यापलीकडे काही मिळत नाही. आवडीनिवडीचा प्रश्न शेवटी ठेवावा. "चित्रकाराला काय म्हणायचे आहे?" यावर वर्ग गप्प झाला, तर मुलांना दोष न देता प्रश्न लहान करावा आणि "नजर आधी कुठे जाते? तिथे रंग कोणता आहे?" असे विचारावे.

प्रत्येक उत्तराला "छान" म्हणणे सौजन्याचे वाटते, पण त्याने चर्चा तिथेच थांबते. ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांच्या अध्यापनपद्धतीतला "काय पाहून तुला तसे वाटले?" हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो उत्तर खोडून न काढता मुलाला पुन्हा चित्राकडे पाठवतो.

मात्र जे पाहून कळणार नाही, ते मुलांना ओळखायला लावू नये. लेणे साधारण सहाव्या शतकातले आहे आणि बसाल्टच्या खडकात कोरलेले आहे, हे शिक्षकांनी सरळ सांगून टाकावे.