एखाद्या देशात खरंच धर्मसत्ता आहे का, हे कसं ओळखायचं

कुठल्याही देशाबद्दल "तिथे धर्माचं राज्य आहे" म्हणून मोकळं व्हायची लोकांना फार घाई असते, म्हणून ओळखायची साधी पद्धत सांगतो.

घटनेत अधिकृत धर्म लिहिलाय का, यावर अडकू नका. डेन्मार्कच्या घटनेतही चर्च आहे, ब्रिटनमध्ये तर २६ बिशपना वरच्या सभागृहात जागा आहेत, तरी कायदा काय असावा हे तिथे निवडून आलेले लोकच ठरवतात. तेव्हा एवढंच विचारा की शेवटचा शब्द कोणाचा? संसदेने पास केलेला कायदा धर्मगुरू अडवू शकतात का, निवडणुकीला कोण उभं राहणार हे त्यांच्या हातात आहे का?

इराण घ्या. निवडणुका होतात, राष्ट्राध्यक्ष असतो, संसद असते, वरवर सगळं नॉर्मल. पण १९७९ च्या क्रांतीनंतर घटनाच अशी केली की सगळ्यांच्या वर सर्वोच्च नेता, जो धर्मशास्त्रीच असतो, आणि मग १२ जणांची पालक परिषद, त्यातले ६ धर्मशास्त्री नेता नेमतो, उरलेले ६ कायदेतज्ज्ञ संसद निवडते पण नावं सुचवतो न्यायव्यवस्थेचा प्रमुख, आणि त्याला नेमतो कोण, तर परत नेताच! ही परिषद उमेदवार गाळते, कायदेही परत पाठवते. नेत्याला निवडणारी तज्ज्ञसभा लोकांच्या मतांवर येते खरी, पण तिचे उमेदवारही याच गाळणीतून.

व्हॅटिकनमध्ये डोकं लावावंच लागत नाही, कायदा, कारभार, न्याय सगळं पोपकडे.

गोंधळ होतो तो सौदीत. १९९२ च्या मूलभूत कायद्यात कुराण आणि सुन्ना (पैगंबरांची शिकवण आणि वागणूक) हीच राज्यघटना म्हटलंय, पण गादी सौद घराण्याची आणि बड्या उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, नेमतो राजा, म्हणून मी तरी तिला राजेशाहीच म्हणतो, काही अभ्यासक नाही म्हणत. अफगाणिस्तानात २०२१ पासून उलट, सर्वात वर बसलेला अमीर, म्हणजे राज्यप्रमुख, स्वतःच धर्मगुरू.

आणि उदाहरण देताना साल बघा. तिबेटमध्ये १६४२ ला पाचव्या दलाई लामांकडे सत्ता आली, मधे बराच काळ कारभार त्यांच्या नावाने दुसरेच बघायचे, १९५९ ला चौदावे दलाई लामा भारतात आले आणि २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार स्वतःहून सोडले, तरी वादात लोक त्यांना आजही राज्यकर्ते धरून बोलतात.