जुनी मोटरसायकल गोव्यात वापरताना या चुका टाळा

डिचोली, फोंडा, म्हापसा, कुठेही जुनी मोटरसायकल बघायला जा, विकणारा आधी मीटर दाखवतो. ‘बघा, किती कमी चाललीय!’ गोव्यात त्या आकड्यावर फार विसंबू नका. इथल्या जुन्या गाड्या चालून जेवढ्या खराब होतात, त्याहून जास्त उभ्या राहून होतात. जून ते सप्टेंबर ओल, किनारपट्टीला बारमाही खारी हवा आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ. वर्षानुवर्षं पडवीत उभी राहिलेली ‘कमी चाललेली’ गाडी रोज म्हापसा-पणजी करणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खर्चात टाकते. ज्या गाडीचं ‘इंजिनकाम निघालं’ म्हणून सांगतात, तिचं इंजिन पुष्कळदा धडधाकट असतं. दोष असतो पेट्रोलात, करंटात (म्हणजे प्लगच्या ठिणगीत) नाहीतर गंजात. म्हणून इंजिन उघडायची घाई करू नका, असं मी कळकळीने सांगतो.

रंग बघून गाडी घेणे

नवा रंग मारलेली टाकी डोळ्यांत भरते आणि तिथेच व्यवहार ठरतो. टाकीचं झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड मारा. तळाशी तपकिरी थर दिसला तर तोच कचरा उद्या कार्बोरेटरमध्ये उतरणार. मग खाली बसा. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), स्टँडचे जोड, मडगार्डची आतली बाजू आणि सायलेन्सर जिथे फ्रेमला बसतो ती जागा नीट बघा. सीट काढता आली तर तिच्याखालची फ्रेमही बघा. खालच्या भागाला ताजा काळा रंग मारलेला असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. गंजून पोकळ झालेल्या पत्र्याचा आवाज वेगळा येतो. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील घालूनही तेल गळत राहतं, आणि तो खर्च बोलणी करताना कुणाच्याच लक्षात येत नाही.

आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं फोनवर आधीच सांगा. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर गाडी थंडपणी सुरू होत नसावी, हा संशय रास्त आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकाहून त्या टोकाला फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला.

यामाहा आरएक्स १०० घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) २००० नंतरचं उत्पादनसाल असेल, तर समोर ‘आरएक्स १००’चे स्टिकर लावलेली दुसरीच गाडी उभी आहे. १०० च्या फ्रेममध्ये १३५ चं इंजिन बसवलेलंही सापडतं. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.

भाड्याने फिरलेल्या गाड्यांचा प्रश्न गोव्यात मोठा आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली ‘रेंट-अ-बाईक’ काही वर्षं हंगामात रोज वेगळ्या हातात जाते. क्लच आणि गिअरबॉक्सला त्याचा मार बसतोच. ती विकायला निघाल्यावर परवाना रद्द करून खासगी नोंदणी झाली आहे का, हे कागदावर बघा. नुसती पाटी बदलल्याने गाडी खासगी होत नाही.

कागद नंतर करू म्हणणे

फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतली, पैसे दिले, गाडी घरी आली आणि ट्रान्सफर राहून गेलं. पुढे मूळ मालक गाव सोडून जातो किंवा वारतो, आणि गाडी कायमची अडकते. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी चढवायला फॉर्म ३१ लागतो. बाकीच्या वारसांची संमती नंतर गोळा करत फिरण्यापेक्षा आधीच घेतलेली बरी. आजोबांची बुलेट घरातच राहणार असली तरी हे काम करून टाका.

सीमेपलीकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून एमएच-०७ किंवा केए-२२ पाटीची गाडी पेडण्यात नाहीतर सत्तरीत आणली जाते. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी गोव्यात राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागतो. तो हिशेब धरला की सिंधुदुर्गातली किंवा बेळगावची गाडी दर वेळी स्वस्त पडतेच असं नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फॉर्म २५ भरून, तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी ती वाढवता येते. दिल्लीतली १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी गोव्याला लागू नाही. त्या भीतीने चांगली गाडी भंगारात देऊ नका. विमा मात्र बहुतेक जुन्या गाड्यांचा संपलेला असतो. गाडी घरी चालवत आणण्याआधी निदान थर्ड पार्टी तरी काढा.

पावसाळ्यात झाकून ठेवणे

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. मे संपता संपता गाडी पडवीला लावायची, वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधायचा आणि चतुर्थीला उघडायची. कागदाखाली जमिनीची वाफ अडकते आणि गाडी तीन-साडेतीन महिने आतून भिजत राहते. वर छप्पर असेल तर जुनी सुती चादर पुरे. हवा खेळली पाहिजे.

दुसरी चूक सद्हेतूने होते. ‘इंजिन जाम होऊ नये’ म्हणून दर रविवारी किक मारून दोन मिनिटं चालू ठेवायची. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं नाही तर ते पाणी क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं. ऑईल दुधाळ होतं, सायलेन्सर आतून सडतो आणि तेवढ्या वेळात बॅटरीही चार्ज होत नाही. चालवायची तर वीसेक मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर अजिबात चालू करू नका.

पूर्ण पावसाळा गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, आत थोडं इंजिन ऑईल फिरवा आणि कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाका. बॅटरी काढून घरात ठेवा. गाडी मेन स्टँडवर असू द्या, म्हणजे एका टायरवरचा भार तरी कमी होतो.

पूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवा असं सांगत. काही आठवड्यांसाठी ते आजही ठीक आहे. पण पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी वाढलं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉक तळाला, त्यामुळे कार्बोरेटरमध्ये पहिलं तेच उतरतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे रबरी पाईप, ओरिंग आणि कार्बोरेटरचे वॉशर या पेट्रोलासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, झिरपू लागतात. पेट्रोलचा पाईप आणि कार्बोरेटर किट एकदा बदलून घ्या. खर्च थोडा असतो, आणि आग लागण्याचा धोका टळतो.

गाडी बंद पडली की कार्बोरेटर खोलणे

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. आधी साधं बघा: किल स्विच, पेट्रोल कॉक, चोक. मग प्लग काढून कॅपला लावा, इंजिनाच्या धातूला टेकवा (उघड्या प्लगहोलपासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि किक मारा. निळा, कडक करंट आला तर पेट्रोलकडे वळा. करंट पिवळट, अशक्त किंवा गायब असेल तर कार्बोरेटरला हातही लावू नका.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते? बंद पडल्या क्षणी टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं भोक बुजलं आहे. लाल धुळीत हे फार होतं, सुईने मोकळं करा. तसं नसेल तर तापलेल्या अवस्थेतच करंट तपासा. थंडपणी करंट येतो आणि तापल्यावर जातो, म्हणजे इग्निशन कॉईल, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा पॉइंटवाल्या बुलेटमध्ये कंडेन्सर संशयित. थंड झालेली गाडी मेकॅनिककडे नेली तर हा दोष त्याला दिसणारच नाही आणि तो बिचारा कार्बोरेटर साफ करून देईल. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा पॉइंट गॅप (पॉइंट पूर्ण उघडल्यावरची फट) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो. फीलर गेजने तो स्वतः तपासायला शिका.

फक्त पावसातच मिस मारते, तर रात्री अंधारात गाडी चालू करून प्लगच्या वायरीवर थोडं पाणी शिंपडा. करंट बाहेर पळत असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. कॅप आणि वायर बदला.

स्लो नीट बसत नाही, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस चढलेली राहते, तर कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबर तपासा. त्याला चीर पडली की इंजिन जादा हवा ओढतं. फोर स्ट्रोकमध्ये हा त्रास आहे, टू स्ट्रोकमध्ये (आरएक्स १०० सारख्या, पेट्रोलाबरोबर तेल जाळणाऱ्या गाड्यांत) पिस्टन चिकटायचं कारण. रबर चांगला असूनही टू स्ट्रोकची रेस चढत असेल तर मॅग्नेटकडचं ऑईल सील बघा. उलट, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात आणि गिअर ऑईल कमी होत जातं, तर क्लचकडचं सील गेलं. दोन्ही वेळा ‘बोअर करावं लागेल’, म्हणजे सिलिंडर आतून घासावा लागेल, असं ऐकायला मिळेल. आधी सील बदलून बघा.

हेडलाईट मंद, इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागतात, हॉर्न दाबला की लाईट उतरतो, ही बहुधा अर्थिंगची तक्रार. फ्रेमला जिथे अर्थची वायर जोडली आहे तो बोल्ट काढा, चकाकेपर्यंत घासा, परत आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. आपल्या हवेत हे काम दर वर्षी पावसाआधी करायलाच हवं. बॅटरी बदलण्याआधी मीटर लावून बघा: १२ व्होल्टच्या गाडीत रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. फ्यूजच्या जागी तार कधीच घालू नका.

टू स्ट्रोक घाटातून गिअरवर उतरवणे

फोर स्ट्रोक गाडी घाटात खालच्या गिअरवर उतरवावी, हा सल्ला बरोबर आहे. टू स्ट्रोकला तो जसाच्या तसा लावला की घात होतो. तिच्यात पिस्टनला मिळणारं तेल ॲक्सिलरेटरवर अवलंबून असतं. चोर्ल्याहून केरीकडे किंवा अनमोडहून मोलेकडे उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय, अशा वेळी त्याला तेल जवळजवळ मिळतच नाही. ब्रेकवर जास्त भार घ्या आणि मधून मधून क्लच दाबून थोडी रेस द्या. आवाज अचानक घट्ट झाला, गाडी मागे ओढल्यासारखी वाटली, तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. मागचं चाक जाम झालं तर वळणावर सावरायला वेळ मिळत नाही.

सायलेन्सरची आतली जाळी काढून आवाज वाढवणाऱ्यांनीही हे वाचावं. त्याने मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन आणखी तापतो. दंड होतो तो वेगळाच.

डिझेल मारणे आणि प्रेशरने धुणे

पावसाआधी सर्व्हिसिंग करून गाडीवर डिझेलचा फवारा मारायची पद्धत आहे. डिझेलने रबर फुगतं आणि ते ड्रममध्ये गेलं तर ब्रेक लागत नाही. गंज थांबवायचा तर ब्रशने, हवा तिथेच, पातळ ग्रीस लावा. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि स्विचवर कधी मारू नका. किनाऱ्यालगत राहात असाल तर गोड्या पाण्याने, साध्या पाईपने वरचेवर धुवा. वाळूवर गाडी नेऊच नका. तिथे कायद्यानेही बंदी आहे.

ब्रेक आणि टायर शेवटी ठेवणे

बहुतेकांचे पैसे रंग, क्रोम आणि इंजिनात संपतात आणि ब्रेक राहून जातात. मला हा क्रम उलटा हवा आहे. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचा कडक टायर जूनच्या पहिल्या पावसात, तेल आणि धुळीच्या थरावर धरत नाही. फेरीबोटीच्या ओल्या लोखंडावर तर अजिबातच नाही. तिथे पुढचा ब्रेक हलकाच लावा. ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, शू सुकतात. डिस्क असेल तर ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला, कारण तेही पाणी ओढतं, आणि कॅलिपरच्या पिना काढून त्यांवरचा गंज साफ करून घ्या.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस घाईत डाव्या पायाने गिअर बदलायला जातो आणि ब्रेक लावून बसतो. उजव्या पायाने ब्रेक शोधताना गिअर पडतो. स्वतः घेतली असेल तर रहदारीत नेण्याआधी मोकळ्या मैदानावर पाय वळेपर्यंत चालवा. आणि ‘एक फेरी मारून येतो’ म्हणणाऱ्या भाचा-पुतण्याच्या हातात, त्याने तसाच सराव केलेला नसेल, तर किल्ली देऊ नका.