पुढाऱ्याशी भांडण काढावं, पण कारण आपण निवडावं: सांगलीत बसून राजकीय व्यंगचित्रं कशी काढायची

सांगलीत नुसत्या व्यंगचित्रांवर घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मूळचा बोर्ड रंगवणारा पेंटर. फ्लेक्स आला तशी आमची कामं गेली. मग शाळेच्या भिंती, गणपतीचे देखावे, लग्नात पाहुण्यांची अर्कचित्रं असं करत भागवलं आणि राजकीय चित्रं काढत राहिलो. पेपरच्या जिल्हा पुरवणीत येतात, दिवाळी अंकात येतात, हल्ली मोबाईलवर जास्त फिरतात. पुढाऱ्यांशी वाजतंच. म्हणून पहिलं काम हे करा: एक उत्पन्न असं ठेवा जे पुढाऱ्याच्या मुठीत नाही. साखर कारखान्यात, दूध संघात, जिल्हा बँकेत चिकटलेला माणूस चेअरमनचं चित्र काढेल, पण एकदाच. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेत चित्रकला शिकवायचा विचार असेल तर संस्थाचालक कोण ते आधी बघून घ्या. आपल्याकडे शाळाही बहुधा त्यांचीच असते.

आणि ‘हे मुंबईवाल्यांचं काम, आपल्या भागात कोण बघतंय’ असं म्हणू नका. 1920 मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शं. वा. किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत बसून स्वतः व्यंगचित्रं काढायचे, आणि रूढींवर चांगले फटके मारायचे. 13 ऑगस्ट 1960 ला ‘मार्मिक’ निघालं ते यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. म्हणजे आपल्याच भागातल्या देवराष्ट्र्याच्या माणसानं मुख्यमंत्री असताना व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाला हात लावला. पुढे त्याच साप्ताहिकानं सत्तेला किती बोचकारलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता चेहरा. इथं वेळ घालवा, बाकी सगळं यावर उभं असतं.

पेपरातल्या फोटोवरून चेहरा काढू नका. फोटोत सगळे पुढारी हसतात आणि सगळे एकसारखे दिसतात. सभेला जा. स्टेशन चौकातली सभा असो नाहीतर भावे नाट्यमंदिरातला सत्कार, मागच्या बाजूला उभे राहा आणि छोट्या वहीत नुसत्या माना, खांदे, हात काढा. स्वतःचं भाषण चालू असताना माणूस सावध असतो. दुसऱ्याचं चालू असतं तेव्हा त्याच्याकडे बघा. एका साहेबांची सवय मला अशीच सापडली. दुसरा कोणी बोलायला लागला की ते घड्याळाचा पट्टा सोडायचे, परत लावायचे, परत सोडायचे. पुढे त्यांच्या चित्रात मी मनगटापेक्षा घड्याळ मोठं केलं आणि चेहरा जवळजवळ सरळच ठेवला. लोकांनी घड्याळावरूनच ओळखलं.

घरी आल्यावर मऊ पेन्सिलीनं डोक्याचा नुसता आकार टाका. वजन कुठं आहे ते बघा: जबड्यात, कपाळात की गालात? भुवई आणि डोळा यांत अंतर किती? नाकाखालची जागा लांब की आखूड? फुगवायचं ते एकच. नाकही मोठं, कानही मोठे, पोटही मोठं केलं की जत्रेतला मुखवटा होतो, माणूस राहत नाही. मग चित्र नाव न लिहिता चौकातल्या चहावाल्याला दाखवा. तो गालात हसला तर शाई घ्या. “हे कोण?” म्हणाला तर कागद बदला. धोतरावर नाव लिहून सुटका करून घेऊ नका.

साहित्याला फार खर्च नाही. चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद, काळी इंडियन इंक, क्रोक्विल म्हणजे बारीक टोकाची निब आणि दोन नंबरचा ब्रश. बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण, दोघंही ब्रशवाले आणि दोघंही फ्री प्रेस जर्नल या इंग्रजी दैनिकात घासलेले. त्यांची रेष जाडीतून बारीक कशी होते ते बघून नक्कल करा, सरावापुरती. टॅबवर काढायला हरकत नाही, पण निदान पहिलं वर्ष कागदावर काढा. रेष पुसता येत नाही हे हाताला कळलं पाहिजे. एआयनं पुढाऱ्याचा खऱ्यासारखा दिसणारा फोटो बनवून पाठवणं हे आपलं काम नव्हे. त्यात व्यंगही नसतं, आणि खोटा फोटो पसरवला म्हणून अडकाल ते वेगळंच.

कल्पना कशी सुचते, असं सगळी पोरं विचारतात. सुचत नाही, खोडावी लागते. आणीबाणीत, डिसेंबर 1975 मध्ये अबू अब्राहम यांचं एक चित्र इंडियन एक्स्प्रेसमध्ये आलं होतं. राष्ट्रपती बाथटबमध्ये, तिथूनच अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देतायत आणि म्हणतायत, आणखी असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. एक टब, एक हात, एक कागद. सेन्सॉरशिपच्या काळात ते छापून आलं. ते चित्र समोर ठेवा आणि त्यात आणखी काय घालता येईल ते शोधा. काही सापडणार नाही.

आपल्या जिल्ह्यात तर विषय दारात पडलेत. पश्चिमेला कृष्णेचा पूर, पूर्वेला जत-आटपाडीत टँकर. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात. एकच पुढारी इकडे होडीत आणि तिकडे टँकरवर काढा, कोणत्याही भाषणाची गरज पडत नाही. मात्र काही प्रसंग स्वतःच व्यंगचित्र असतात, त्यांच्या नादाला लागू नका. 2019 च्या पुरात मंत्र्यांचा होडीतला हसरा व्हिडिओ फिरला होता. त्याहून वरचढ मी काय काढणार?

आता भांडणाचं. वाद होणारच, आणि खरं सांगायचं तर तो व्हायलाच हवा. ज्या चित्राची मूळ प्रत साहेब हौसेनं मागून घेतात आणि दिवाणखान्यात लावतात, ते बहुधा नेमकं लागलेलं नसतं. पण वाद कशावरून व्हावा हे तुम्ही ठरवायचं. चित्र माणसाच्या करणीवर काढा. जात, धर्म, अपंगत्व, घरची बाईमाणसं, देवदेवता यांतलं काही चित्रात आलं की मूळ मुद्दा गेला. कारखान्याचा हिशेब बाजूला राहतो, समाजाचा अपमान झाला म्हणून मोर्चा निघतो आणि साहेब त्या मोर्च्याच्या पुढे चालतात. 2016 मध्ये ‘सामना’च्या पुरवणीत मराठा मूक मोर्चावर एक व्यंगचित्र आलं. कार्यालयावर दगडफेक झाली, उद्धव ठाकऱ्यांना माफी मागावी लागली. माझ्या मते चूक साधी होती. शिस्तीत मुकाट चालणारी माणसं म्हणजे सत्ता नव्हे, आणि त्यांत बायका-पोरी पुढे होत्या. चाबूक खालच्या दिशेनं ओढला की व्यंगचित्रकार दादा होतो.

राष्ट्रीय चिन्हांपासून लांब राहा. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना सप्टेंबर 2012 मध्ये मुंबईत अटक झाली. त्यांनी राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढले होते. राजद्रोहाचं कलम महिनाभरात मागे घेतलं गेलं, मुंबई उच्च न्यायालयानं 2015 मध्ये त्या कलमाच्या वापरावर मर्यादाही घातल्या. पण राजमुद्रेचा आणि राष्ट्रीय प्रतीकांचा कायदा वेगळा आहे, तो राजद्रोहाबरोबर सुटत नाही. भ्रष्टाचार दाखवायला सिंहच कशाला पाहिजेत? आपल्याकडे वजनकाटा आहे.

काट्याचीच गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्यानं उसाची ट्रॉली आधी खाजगी काट्यावर तोलली, मग कारखान्यात. दोन्ही पावत्या माझ्यापुढं ठेवल्या. मी तराजू काढला: एका पारड्यात ट्रॉली, दुसऱ्या पारड्यात चेअरमनचा नुसता अंगठा. वीस-बावीस रेषांत काम झालं. संध्याकाळी फोन आला, “अब्रूनुकसानीचा दावा लावू.” मी म्हटलं, “लावा, पावत्या जोडतो.” विषय संपला. तेव्हा प्रत्येक चित्रामागं एक कागद ठेवायचा: लेखापरीक्षणाचा शेरा, माहिती अधिकारातलं उत्तर, भाषणाचा व्हिडिओ, बातमीचं कात्रण. पाठीमागे तारीख टाकून फाइल करा.

फोन दोन प्रकारचे येतात. शिव्यांचे फोन उचलून शांतपणे ऐका, नंबर आणि वेळ लिहून ठेवा, उलट बोलू नका. दुसरा फोन गोड असतो: “साहेबांनी चहाला बोलावलंय.” बंगल्यावर जायचं नाही. “तुम्हीच या, हरभट रोडला चहा पाजतो,” असं म्हणा. आले तर चांगलंच, चेहरा जवळून बघायला मिळतो. घराबाहेर पोरं जमली तर दार उघडायचं नाही, 112 लावायचा. आणि माफीचा व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर करून द्यायचा नाही. खुलासा द्यायचाच तर लेखी द्या, सही करून, प्रत ठेवून.

पोलिसांचा कागद आला तर हातपाय गाळू नका. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. चित्रांवर बहुतेक लावतात ती कलमं 196 (गटांत वैर), 299 (धार्मिक भावना) आणि 356 (बदनामी). पहिल्या दोन्हींत शिक्षा तीन वर्षांपर्यंत, त्यामुळे बहुधा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस येते. ती घ्या, पोच द्या, वकील घेऊन ठरल्या वेळी जा. पोस्ट घाईनं पुसू नका, वकील सांगेल तसं करा. आयटी कायद्याचं ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरावरचं 66ए कलम सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 लाच रद्द केलंय. अजून कोणी त्याची धमकी देत असेल तर निकालाची तारीख सांगायची. आणि मार्च 2025 मध्ये काँग्रेस खासदार इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयानं म्हटलंय की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा अभिव्यक्तीच्या प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. त्या निकालाची प्रत फाइलच्या वरच लावून ठेवा. ठाण्यात पहिला प्रश्न विचारणाऱ्याला वाचायला देता येते.

निवडणुकीत पैसा समोरून चालत येतो. विरोधकाची दहा चित्रं काढून द्या, म्हणतील तो आकडा. घ्यायचा की नाही ते तुमच्या घरची चूल बघून ठरवा, मी नावं ठेवणार नाही. पण त्या चित्राखाली आपली सही करू नका. ती जाहिरात आहे. छापील पत्रक किंवा पोस्टर असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर हवाच. नसेल तर छापखान्यावाल्याबरोबर तुम्हालाही ओढतील. भिंत रंगवायची असेल तर मालकाची लेखी परवानगी खिशात ठेवा.

मानधनाचं थोडक्यात. चित्र देतानाच आकडा ठरवा आणि मोबाईलवर का होईना, लिहून घ्या. दिवाळी अंकवाले पावसाळ्यातच चित्रं मागतात, पैसे दिवाळीनंतर देतात, आणि काही जण पुढच्या दिवाळीला परत चित्रंच मागतात. विकायचा तो छापण्याचा हक्क. मूळ चित्र परत मागून घ्यायचं.

ते परत आलं की 600 डीपीआयला स्कॅन करा आणि प्रत सांगलीबाहेरच्या कोणाकडे तरी ठेवा. मूळ कागद ट्रंकेत भरा, आणि नदीकाठच्या गावभागात राहत असाल तर ट्रंक थेट वरच्या मजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट आहे आणि 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं. खालच्या कपाटात शाईच्या बाटल्या ठेवा, त्या भिजल्या तर चालतंय.