आधी वजन, मग पाऊल

उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला चिकटवून उभे राहा. आता डावा पाय उचला.

उचलत नाही. जोर कमी पडतो म्हणून नव्हे. पाय उचलण्याआधी अंग उजवीकडे झुकायला बघतं आणि भिंत त्याला झुकू देत नाही. कराडजवळच्या एका शाळेत मी ३१ वर्षं पी.टी. शिकवली. पाचवीच्या प्रत्येक वर्गाकडून हा खेळ करून घ्यायचो. निवृत्तीनंतर एका दीड फुटी रोबोला चालायला शिकवताना तोच कामी येईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

रोबो भाचीचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तिने किट मागवलं, अर्धं जोडलं आणि परीक्षेच्या धबडग्यात खोक्यात भरून आमच्याकडे आणून टाकलं. "मामा, तुम्हाला आता वेळच वेळ आहे." ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, एमजी९९६आर जातीचे १७ सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटरी), त्यांना हुकूम वाटणारं पीसीए९६८५ चं बोर्ड आणि प्रोग्राम चालवणारं एक ईएसपी३२. सर्व्हो १७ च का, तर प्रत्येक पायात पाच, प्रत्येक हातात तीन आणि मान एक. २००४ साली जपानच्या कोंडो कंपनीने केएचआर-१ हा हौशी लोकांसाठीचा रोबो आणला, त्यातही १७ च होते. तेव्हा आमचा हा रोबो, नाव गण्या, खानदानी आहे.

प्रोग्रामिंग मला येत नव्हतं. सर्व्होला कोन सांगणारा पहिला तुकडा भाचीने व्हिडिओ कॉलवर बसून लिहून दिला. पुढचं सगळं मी केलं, आणि ते प्रोग्रामिंगपेक्षा कवायतीच्या जास्त जवळचं निघालं. तुमच्याकडे असंच किट असेल तर ज्या क्रमाने मी चुकत गेलो तो टाळून सांगतो.

जोडणीपासूनच सुरुवात करा, कारण निम्मी हालचाल तिथेच बिघडते. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, जाते. तिची लांबी साधारण ५०० ते २५०० मायक्रोसेकंद, आणि मध्य १५००. प्रत्येक सर्व्हो सांगाड्यात बसवण्याआधी त्याला १५०० ची पल्स द्या, तो मध्यावर आला की मगच हॉर्न, म्हणजे दांड्यावर बसणारी चकती, चढवा. मी आधी सगळं स्क्रूने आवळलं आणि मग वीज दिली. गण्याचा डावा गुडघा उलटा फिरला, पट्टीला अडला आणि आतल्या दात्यांचा करकर आवाज आला. तो सर्व्हो गेला. हाताने जोर लावून फिरवलात तरी असाच जातो.

मध्यावर आणूनही पाय अगदी सरळ दिसणार नाही. या सर्व्होच्या दांड्याला २५ दाते असतात, म्हणजे हॉर्न एक दाता पुढे सरकवला की थेट १४.४ अंश. त्यामुळे सात अंशांपर्यंत वाकडेपणा राहू शकतो, आणि तो कुठल्याही पान्याने निघत नाही. तो प्रोग्राममध्येच काढायचा. मी शाळेच्या जुन्या हजेरीच्या वहीत सतरा ओळी आखल्या : क्रमांक, सांधा, दुरुस्ती, दिशा. दुरुस्ती म्हणजे सांधा डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत किती अंश वाढवावे किंवा कमी करावे लागले. दिशा म्हणजे अधिक की उणे. डाव्या-उजव्या पायातले सर्व्हो आरशातल्यासारखे उलट बसतात, त्यामुळे एकाला अधिक वीस सांगितलं तर गुडघा वाकतो आणि दुसऱ्याचा मागे जातो. हे एकदा वहीतून प्रोग्रामच्या सुरुवातीला उतरवलं की पुढे फक्त "गुडघा ४०" एवढंच म्हणायचं, दोन्ही पायांसाठी एकाच अर्थाने. या कामाला माझे चार दिवस गेले. तुमचेही जाऊ द्या.

जाता जाता : पीसीए९६८५ ला सोळाच वाटा असतात आणि सर्व्हो सतरा. मान राहते. तिची वायर ईएसपी३२ च्या पिनेला जोडली.

विजेचं थोडक्यात. हा सर्व्हो अडकला तर ६ व्होल्टला एकटा अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. सतरा एकदम अडकत नाहीत, पण उठाबशा काढताना पायांचे दहाही सर्व्हो एकदम कामाला लागतात. बोर्डाला येणारी वीज आणि सर्व्होची वीज वेगळी ठेवा, दोन्हींच्या ग्राउंडच्या (उणे टोकाच्या) तारा मात्र एकत्र जोडा. माझ्याकडे आधी मोबाइलचा चार्जर होता. गण्या अर्धा बसला की बोर्ड पुन्हा सुरू व्हायचं आणि तो ताडकन उभा राहायचा, उशिरा आलेल्या मुलाने सरांना बघावं तसा. दोन सेलची लिथियम बॅटरी घेणार असाल तर भरलेली असताना ती ८.४ व्होल्ट देते. थेट लावू नका, मध्ये ६ व्होल्टवर आणणारा मजबूत रेग्युलेटर हवाच.

आता खरं काम. एका जागेवर धरलेल्या सतरा कोनांना मी मुद्रा म्हणतो. दोन मुद्रा आणि त्यांच्यामधला वेळ, एवढीच हालचाल असते. कवायतीत "एक" ला हात बाजूला, "दोन" ला वर. मधला प्रवास मुलं आपणहून करतात. सर्व्हो नाही करत. त्याला थेट शेवटचा कोन दिला तर तो असेल त्या सगळ्या वेगाने तिकडे धावतो आणि रोबो धाडकन आडवा होतो. म्हणून मधले टप्पे आपण द्यायचे. ४०० मिलिसेकंदांची हालचाल असेल तर दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे वीस टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला सुरुवातीच्या कोनात फरकाचा विसावा हिस्सा मिळवत जायचं. सतरा सर्व्हो एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोहोचतात. नंतर भाचीने यात कोसाइन घालून दिला, म्हणजे सुरुवात आणि शेवट सावकाश होतो. त्याने गण्याचं थरथरणं निम्म्यावर आलं.

महागड्या किटमधले सर्व्हो स्वतःचा कोन परत सांगतात. रोबोटिस कंपनीच्या एएक्स-१२ए सर्व्होचं तसंच आहे : ढिला सोडायचा, हाताने पाय वाकवायचा आणि आकडा वाचून घ्यायचा. आमच्या सर्व्होला फक्त ऐकू येतं, बोलता येत नाही. त्यामुळे मुद्रा आकड्यांनीच बसवावी लागते. मला वाटतं शिकणाऱ्याला हेच बरं. आकडे का बदलतात ते कळतं.

पहिली मुद्रा उभं राहण्याची, आणि ती ताठ सावधानची नको. गुडघे थोडे वाकलेले हवेत, कबड्डीत बचाव करणारा उभा राहतो तसे. गण्याची मांडी ८० मिलिमीटर आणि पोटरीही तेवढीच. खुबा २०, गुडघा ४०, घोटा २०. यात एक हिशेब आहे तो पाठ करून टाका : गुडघा म्हणजे खुबा अधिक घोटा. ही बेरीज जुळली तर तळवा जमिनीला समांतर राहतो, चुकली तर टाच किंवा चवडा उचलला जातो. मी पहिले दोन आठवडे बेरीज न करता अंदाजाने आकडे टाकत होतो आणि दोष फरशीला देत होतो.

मग वजन. पाय बाजूला झुकवणारे चारही सर्व्हो, म्हणजे दोन घोट्यांतले आणि दोन खुब्यांतले, सारख्याच अंशांनी डावीकडे फिरवा. धड सरळच राहतं, फक्त अख्खं डाव्या पायावर सरकतं. किती अंश? गण्याच्या दोन घोट्यांमधलं अंतर ७० मिलिमीटर, म्हणजे कंबर ३५ मिलिमीटर सरकली तर वजन डाव्या घोट्याच्या बरोबर वर. वाकलेल्या पायाची उंची १५० धरली तर साडेतेरा अंश होतात. इतके लागत नाहीत, कारण वजन तळव्याच्या आत कुठेही पडलं तरी चालतं. माझं अकरावर जमलं. पण आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी कागद घ्या. उजव्या तळव्याखाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवून ठेवायची आणि अंश एकेकाने वाढवत ती ओढून बघायची. पट्टी अलगद निघून आली की त्या पायावर वजन नाही. तोवर पाय उचलायचा नाही, म्हणजे नाही. मी नऊ अंशांवर घाई केली होती. गण्या उजवीकडे पडला आणि खांद्याची पट्टी वाकली.

तेव्हापासून त्याच्या काखेतून सुतळी घालून ती छताच्या पाळण्याच्या कडीला बांधतो. सुतळी ढिली हवी. ताणलेली असेल तर तो सुतळीच्या जिवावर चालतो आणि आपल्याला वाटतं जमलं.

पाऊल मी असं मोजतो :

एक. वजन डावीकडे, अकरा अंश, अर्ध्या सेकंदात. मग थोडं थांबा, डुलणं थांबेपर्यंत.
दोन. उजवा पाय वर : ३०-६०-३० (खुबा-गुडघा-घोटा, पुढेही याच क्रमाने). तळवा साधारण १२ मिलिमीटर उचलला जातो. त्याच वेळी डाव्या खुब्याला बाजूने तीन अंश जास्त.
तीन. उजवा पाय हवेतच पुढे : ३८-६०-२२.
चार. खाली : २८-४०-१२. दोन सेंटिमीटर पुढे टेकतो.
पाच. वजन मध्यावर आणा आणि त्याचबरोबर धड पुढे न्या : उजवा पाय परत २०-४०-२०, डावा १२-४०-२८.

मग हेच दुसऱ्या बाजूने. प्रत्येक ओळीत गुडघ्याची बेरीज तपासून बघा, जुळते.

दोनमधले ते तीन अंश कशासाठी, हा प्रश्न मला सगळ्यात उशिरा सुटला. स्वस्त सर्व्होच्या दात्यांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो. उजवा पाय उचलला की त्याचं वजन कंबरेला लटकतं, डाव्या खुब्यातला प्ले एका बाजूला बसतो आणि कंबर उजवीकडे कलते. पाय आपण १२ मिलिमीटर उचलतो आणि तो जेमतेम पाच उचलला जातो, किंवा घासतच राहतो. कंबर आधीच थोडी वर धरली की कलून ती बरोबर जागेवर येते. तुमचा आकडा वेगळा असेल; दोनपासून सुरू करून वाढवा.

जमिनीचं म्हणाल तर सतरंजीत चवडा अडकतो. जाड पुठ्ठा, तोही चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने फरशीवर बसवलेला, हे मला सगळ्यात चांगलं वाटलं. आणि गण्याला वाकलेल्या मुद्रेत उभा ठेवून चहाला जाऊ नका. न हलताही सर्व्हो जोर लावतच असतो. माझा दुसरा गुडघा असाच गेला. परत आलो तेव्हा वास येत होता.

चालणं आलं तेव्हा लेझीम घ्यायचं ठरवलं. भाची म्हणाली, हात हलवायचे म्हणजे सोपं आहे. उलटं आहे. आमच्या शाळेत चार आवाजात, म्हणजे चार ठोक्यांच्या प्रकारात, "एक" ला कमरेत वाकून लेझीम खाली न्यायचे. गण्याचे दोन्ही खुबे पुढे झुकवले आणि तो सरळ नाकावर. इथेही भिंतच कामी आली : दोन्ही टाचा आणि पाठ भिंतीला लावून पायाचे अंगठे धरायला वाका, तुम्हीही पुढे पडाल. वाकताना माणूस बूड मागे नेतो, आणि भिंत ते नेऊ देत नाही. म्हणून गण्याचा घोटा मागे घेतला, बूड मागे गेलं, मग धड खाली. पस्तीस अंशांपर्यंत न पडता वाकतो. इथे तळवा सपाट राहण्याची बेरीज सांभाळायचीच. धडाचं झुकणं खुब्यात वेगळं मिळवायचं.

लेझीम सायकलच्या स्पोकची आणि चार घुंगरांची केली. वजन नगण्य, पण हात लांब पसरला की तेवढ्यानेही तोल जातो. हातातल्या वस्तूसकट कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. हलगीच्या ठेक्याला प्रत्येक आवाज अर्ध्या सेकंदात बसवायचा होता; सहाशे मिलिसेकंदांखाली तो डुलायला लागतो. तेव्हा हलगी सावकाश वाजते.

आणि बॅटरी. सकाळी बिनचूक चाललेला प्रोग्राम दुपारी त्याच पुठ्ठ्यावर पडला तर आकडे बदलायला बसू नका, आधी व्होल्ट मोजा. मी एकदा अख्खी वही खोडून काढली होती.

वळायचं राहिलं. पायात पाचच सर्व्हो असल्यामुळे पाय उभ्या अक्षावर फिरवणारा सांधाच नाही. त्यामुळे दोन्ही तळवे टेकलेले ठेवून एक पाय पुढे, दुसरा मागे ओढायचा आणि घसरत वळायचं. त्यासाठी जमीन थोडी निसरडी लागते, आणि पुठ्ठा निसरडा नाही. सध्या गण्या पुठ्ठ्यावर चालतो, कडेला आला की मी त्याला उचलून मोझॅक फरशीवर ठेवतो, तिथे तो वळतो, आणि मी त्याला परत पुठ्ठ्यावर ठेवतो.