मागे कधी फिरायचं, ते घरीच ठरवा

परदेशात राहताना डोंगर हाकेच्या अंतरावर असला की शनिवारी घरात पाय ठरत नाही. आम्हा नवरा-बायकोचं तसंच आहे. पण निघण्याआधी एक गोष्ट आम्ही घरीच ठरवतो: किती वाजता मागे फिरायचं. शिखर समोर दिसायला लागलं की एकाला "आता आलंच की" वाटतं. दुसऱ्याचे गुडघे कुरकुरत असतात, पण मन मोडायला नको म्हणून तो गप्प राहतो. वेळ आधीच ठरलेली असली की कुणालाच वाईटपणा घ्यावा लागत नाही.

हिशेबाला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम धरा. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास झाले. यात थांबणं, फोटो, बुटाची नाडी बांधणं काहीच धरलेलं नाही, म्हणून आम्ही पाच तास मोजतो. उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, तेव्हा पहाटे निघा.

आणि सगळं सामान एकाच्याच पाठीवर नको. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जाकीट, पाणी, विजेरी, शिट्टी आणि नेटशिवाय चालणारा नकाशा दोघांकडेही वेगवेगळा हवा. वाटेत चुकामूक झाली तर जोडीदाराच्या पिशवीतलं जाकीट आपल्या कामाला येत नाही.